मोरपंखी दाढी

साखरपुड्याच्या सकाळी व्याह्यांना लोक चहा-नाश्त्याला बोलावतात. बोरसे मास्तरांनी दाढीला बोलावले.

"दाढीले?" वर्षाबाईंच्या हातातला झारा कढईतच थांबला. "घरमा न्हावी बसाडशात का?"

"न्हावी कसाले? मी करसू ना."

"इवाईनी दाढी तुम्ही करशात?"

"आनि जवाईनी बी," मास्तर म्हणाले आणि गच्चीवर खुर्ची ठेवायला निघून गेले. तो विषय त्यांच्यापुरता संपला होता.

हेमराज बोरसे हे शाळेतले मास्तर नव्हते. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये ते कलर मास्तर होते. कोणत्या कापडाला कोणता रंग, किती गरम पाण्यात, किती वेळ, हे त्यांनी सांगायचे आणि मिलने ऐकायचे. अमळनेरहून सुरतेला आले तेव्हा ते रंगाचे पिंप ढवळायचे काम करत. आता पिंपाकडे नुसते बघून ते "अजून थोडा पिवळा" म्हणत, आणि अजून थोडा पिवळा लागतच असे. हा त्यांचा पोटापाण्याचा अभिमान. हौसेचा अभिमान वेगळा होता. तो दाढीचा.

त्याची सुरुवात तापीकाठच्या जुन्या बाजारात झाली. तिथे त्यांना एक पितळी रेझर सापडला. दांडी फिरवून उघडायचा, आत दुधारी पाते घालायचे, असा. घरी आणून त्यांनी तो चिंचेने घासला, तेव्हा तो असा काही चमकला की फसफसणारा फोमचा डबा आणि प्लास्टिकचा रेझर त्याच दिवशी कचऱ्यात गेले. मग ब्रश आले. एक डुकराच्या केसांचा, एक घोड्याच्या केसांचा, आणि एक बिज्जू नावाच्या जनावराच्या केसांचा. तो वर्षाबाईंनी एकदा इडलीपात्राला तेल लावायला घेतला आणि त्यावरून घरात अबोला झाला. मास्तरांच्या फोनवर देशभरातल्या अशा हौशी दाढीवाल्यांचा गट होता. रोज सकाळी प्रत्येकाने आजचा रेझर, आजचा ब्रश आणि आजचा साबण यांचा फोटो टाकायचा. दाढी झालेल्या तोंडाचा फोटो कुणी टाकत नसे. तोंड गौण होते.

दाढीचा इतिहास मास्तरांना तोंडपाठ होता, पण तो ऐकायला घरात कुणी उरले नव्हते. शिंपल्याच्या कडेने दाढी खरवडणारा आदिमानव, इजिप्तच्या थडग्यांत माणसाबरोबर पुरलेले तांब्याचे वस्तरे, हे सगळे ते गवार मोडता मोडता सांगत. त्यांची मुलगी धनश्री साड्यांची डिझाइने कॉम्प्युटरवर करायची. ती कानातले हेडफोन न काढता "हो पप्पा" म्हणायची. वर्षाबाई तेवढेही म्हणत नसत.

त्यामुळे धनश्रीचे लग्न ठरले तेव्हा मास्तरांना दुहेरी आनंद झाला. मुलीला घर मिळाले आणि त्यांना श्रोते मिळाले. होणारे व्याही बळीराम कदम मूळचे परभणीकडचे. बारडोलीत त्यांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज होते. माणूस गप्प आणि सोशिक. मुलगा गणेश त्यांच्याहून सोशिक. अडचण फक्त एकच होती आणि ती परभणीला राहत होती. बळीरामांचे थोरले भाऊ विठ्ठलराव. मुलगी बघायला आपल्याला नेले नाही, म्हणून ते खवळले होते. साखरपुड्याला येतो म्हणाले, पण त्यांचे शब्द होते, "येऊन बघतो." बळीरामांची बायको रुक्मिणी तेव्हापासून धास्तावून होती. विठ्ठलराव एकदा बघायला लागले की त्यांना काही ना काही दिसतेच, असा तिचा अनुभव होता.

या खास सकाळसाठी मास्तरांनी स्वतः साबण केला. खोबरेल आणि एरंडेल शिजवून, वर्षाबाईंचा चांगला मिक्सर कायमचा कामातून घालवून, त्यात खसाचे अत्तर घालून. साबण उतरला तोही असा की फेस केलेली वाटी उलटी धरली तरी थेंब पडेना. पण रंग मात्र पांढराच.

"खस म्हटलं की हिरवं पाहिजे," मास्तर म्हणाले. "नाकाला एक सांगायचं आणि डोळ्याला दुसरं, ही फसवणूक झाली."

"जिलबीचा रंग आहे, टाका चिमूटभर," वर्षाबाई म्हणाल्या.

"तो केशरी आहे. आणि खाण्याचा रंग म्हणजे काय रंग असतो का? जरा ऊन लागलं की पळून जातो."

मास्तरांना पळून जाणारा रंग आवडत नसे. त्यांनी मिलमधून नायलॉनसाठी वापरतात त्यातला एक हिरवा रंग चिमटीत आणला. माणूस बेजबाबदार नव्हता. त्यांनी तो साबणात घालून आधी रुमालावर लावून पाहिला, धुतला, आणि रुमाल स्वच्छ पांढरा निघाला. डागसुद्धा नाही. रुमाल अर्थातच पॉलिस्टरचा होता. सुरतेत रुमाल दुसऱ्या कशाचा असणार?

ठरल्याप्रमाणे बळीराम, रुक्मिणी आणि गणेश बारडोलीहून सकाळीच आले. बाकीचे पाहुणे परस्पर उधन्याच्या समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, जमणार होते. रुक्मिणी स्वयंपाकघरात वर्षाबाईंकडे गेली आणि बापलेकांना मास्तरांनी गच्चीवर नेले. गच्चीवर उन्हासाठी निळे प्लास्टिक बांधले होते. त्याखाली बसलेला कुणीही माणूस निळसर दिसे. मिलमध्ये रंगीत उजेडात कुणी कापड तपासताना दिसला असता तर मास्तरांनी त्याला दाराबाहेर काढले असते. पण आज ते हौसेवर होते.

"इवाई, हे काय करायलाव?" मानेला गरम टॉवेल गुंडाळला गेल्यावर बळीरामांनी विचारले.

"केस मऊ करतो. घाई करायची नाही. पूर्वी माणूस दाढीला बसला की तासभर बसायचा."

मग ब्रश वाटीत फिरू लागला आणि मास्तरांची जीभही. "अडीचशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसानं वस्तऱ्याला लाकडाची पट्टी लावली, म्हणजे कापलं तरी थोडंच कापावं. तिथून सेफ्टी रेझर सुरू. मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे पातळ पातं आलं. वापरा आणि फेका. पहिल्या महायुद्धात शिपायांना खंदकात दाढी करावी लागायची…"

बळीराम "व्हय, व्हय" करत राहिले. ज्याच्या गळ्यावर पाते आहे तो माणूस व्याख्यान अर्ध्यावर टाकून उठत नाही, हे मास्तरांना प्रथमच कळले आणि त्यांना वाटले, घरी आपण उगाच गवार मोडत बसलो.

"दाबायचं नाही," ते रेझर चालवत म्हणाले. "रेझर आपल्या वजनानं चालतो. माणसानं फक्त त्याच्याबरोबर जायचं."

दाढी खरोखर सुरेख झाली. कुठे खरचटले नाही, रक्ताचा टिपका नाही. शेवटी तुरटीचा खडा फिरवून मास्तरांनी बळीरामांना स्वतःच्या गालावरून हात फिरवायला लावला. बळीरामांनी फिरवला. परत फिरवला. इतका गुळगुळीत गाल त्यांनी गणेश तान्हा असतानाच पाहिला होता.

"लई भारी," ते म्हणाले. इतके मोठे वाक्य त्यांनी सोयरीक जमल्यापासून उच्चारले नव्हते.

आता गणेश. त्याने तीन-चार वर्षे निगुतीने वाढवलेली, कोरलेली दाढी होती. तिला तेल होते, छोटा कंगवा होता.

"पप्पा, मी फक्त साइडचं सेट करून घेऊ?" त्याने विचारले.

"जावईबापू," मास्तर नवे पाते घालत म्हणाले, "दाढी ठेवायची तर ठेवा. मी कोण सांगणार? पण रोमन लोकांत पोराची पहिली दाढी झाली की तो पुरुष झाला असं मानायचे. समारंभ करायचे. आज तुमचाही समारंभ आहे. बघा बुवा."

गणेशने बापाकडे पाहिले. बाप गालावरून हात फिरवत गच्चीच्या कठड्यावर प्रसन्न बसला होता. गणेशने डोळे मिटले आणि खुर्चीत बसला.

त्याच्यानंतर मास्तरांनी स्वतःची केली, आणि तिघे खसाचा वास दरवळत खाली उतरले.

वर्षाबाई लोचोच्या बशा घेऊन येत होत्या. मऊ ढोकळ्यासारखा गरम लोचो, वर शेव, वर कांदा. त्यांनी तिघांकडे पाहिले आणि बशा आधी खाली ठेवल्या. ओरडल्या नंतर. संसार करणारी बाई होती.

"हाई काय व्हयनं तुम्हना तोंडले?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. निळ्या प्लास्टिकखालून बाहेर आल्यावर प्रथमच पाहिले. गालफडांपासून गळ्यापर्यंत, जिथे जिथे साबण लागला होता, तिथे तिथे तिघेही कोवळ्या पुदिन्यासारखे हिरवे झाले होते.

"साबण राहिला असेल," मास्तर म्हणाले. "धुऊ या."

साध्या पाण्याने काही झाले नाही. रुक्मिणी म्हणाली, "गरम पाण्यानं निघंल." म्हणून वर्षाबाईंनी पातेलेभर पाणी उकळायला ठेवले आणि तिघांनी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतली, गरम पाण्याचे फडके घासले. गालांना उष्णता चांगली पोचली. वर्षाबाई म्हणाल्या, हाताची हळद लिंबाने जाते. म्हणून लिंबे कापली. बळीराम, जे कधी काही सुचवत नसत, ते म्हणाले की गॅरेजात हाताचे ऑइल काढायला ते बारीक मीठ वापरतात. म्हणून मीठ आले. गणेशने फोनवर शोधून सांगितले, "इसमें लिखा है फिटकरी लगाओ." म्हणून तुरटी पुन्हा आली. चौघेपाचजण मन लावून घासत होते, पण पुदिना जात नव्हता. उलट तो गडद होत चालला होता. बळीरामांच्या गालावर त्याला हळूहळू निळी झाक आली, आणि बघता बघता तिन्ही तोंडे अस्सल मोरपंखी झाली.

मास्तरांचा घासणारा हात एकाएकी थांबला. ते स्टुलावर बसले.

"गरम पाणी," ते स्वतःशी म्हणाले. "मग आंबट. मग मीठ. मग तुरटी." त्यांनी मान वर केली. "अरे देवा! आपण रंग काढी नही राहिनूत. आपण डाइंग करी राहिनूत!"

"म्हणजे?" रुक्मिणीने विचारले.

"म्हणजे मिलमध्ये रंग पक्का करायला मी जे करतो, ते सगळं आत्ता आपण ह्या तोंडांना केलं. रुमाल पॉलिस्टरचा होता हो. त्याच्यावर हा रंग बसतच नाही. हा बसतो रेशमावर, लोकरीवर. आणि माणसाची कातडी…" त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. "कातडी रेशमाच्याच जातीची."

"ते ऱ्हाऊ द्या. निघंल कवा?" बळीरामांनी विचारले.

"कातडी झिजेल तसा जाईल. आठवडाभर तरी." आणि मग, त्या प्रसंगी शोभणार नाही अशी एक छटा मास्तरांच्या आवाजात आली. "आज नाही निघणार. मी बसवलेला रंग आहे."

वर्षाबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी उरलेले वाक्य गिळले. मिलमध्ये रंग उडवायची पावडर असते, असे ते वाक्य होते.

आवाज ऐकून धनश्री खोलीतून बाहेर आली. तिची अर्धी वेणीफणी झाली होती. पार्लरवाली स्नेहा कंगवा घेऊन मागोमाग आली. धनश्रीने गणेशकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"दाढी क्यां गई?" तिने विचारले.

"पप्पांनी काढली."

"आणि हे?"

"पप्पांनी लावलं."

"पप्पा!" धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आले. "त्याची दाढी का काढली? मला आवडत होती ती!"

"बेटा, रंगाचं…"

"रंग जाईल हो! दाढी यायला किती दिवस लागतात तुम्हाला माहीत आहे ना? तुम्हाला तर इजिप्तपासून माहीत आहे!"

मास्तरांना पहिल्यांदाच कळले की मुलगी हेडफोनमधूनही ऐकत होती. त्या गडबडीतही त्यांना बरे वाटले.

स्नेहाने धीर दिला. "टेन्शन नका घेऊ, माझ्याकडे फाउंडेशन आहे." तिने बळीरामांना पुढे बसवून गालावर जाड थर दिला. मोरपंखीवर गव्हाळ रंग चढला आणि दोन्ही मिळून राखेसारखा एक तिसराच रंग तयार झाला. रुक्मिणीने नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

"पुसा, पुसा ते! माणूस गेल्यावानी दिसायलेत. त्यापरीस हिरवे बरे."

पुसले. वेळ होत आली होती. मास्तरांनी आंघोळ केली, नवा सदरा घातला, आणि दाढीचे सगळे सामान एका पिशवीत भरले.

"ते आते कसाले?" वर्षाबाईंनी विचारले.

"कुणी विचारलंच तर दाखवायला," मास्तर म्हणाले.

उधन्याच्या सिग्नलला बळीरामांची गाडी थांबली. शेजारच्या मोटारसायकलवर मिलमधला एक ऑपरेटर होता. त्याने खिडकीतून आत पाहिले, मास्तरांना नमस्कार केला आणि आदराने विचारले, "मास्तरजी, नया शेड है?" पुढच्या सीटवर बळीरामांनी काच वर केली.

"दादा काय म्हणत्याल?" रुक्मिणी वाटभर एवढेच म्हणत होती. "दादा काय म्हणत्याल?"

विठ्ठलराव वाडीच्या दारातच उभे होते. पांढरे धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा फेटा, आणि ओठांवर दोन्ही गालांपर्यंत गेलेल्या, पिळलेल्या, पांढऱ्याशुभ्र मिश्या. मागे परभणीचे दहाबारा नातेवाईक. गाडीतून बळीराम उतरले, गणेश उतरला, मास्तर उतरले. दारातले सगळे बोलणे अर्धे टाकून त्या तोंडांकडे बघू लागले. आतला सनईचा स्पीकर तेवढा वाजत राहिला.

"बळ्या," विठ्ठलराव म्हणाले, "हे काय तोंड?"

बळीरामांनी दोन्ही हातांनी गाल झाकले. गणेश बुटांकडे पाहू लागला. मास्तरांनी खरे सांगायला घसा साफ केला. माणूस प्रामाणिक होता; त्यांनी इजिप्तपासून सुरुवात केली असती.

त्याआधी रुक्मिणी पुढे झाली. आयुष्यभर थोरल्या दिरासमोर पदर सावरून गप्प उभी राहिलेली ती बाई. बळ कुठून आले कुणास ठाऊक, पण ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "मान हाय तो, दादा. सोयऱ्यांनी केलाय."

"मान?"

"व्हय. मुलीचा बाप सोत्ता आपल्या हातानं इवायाची अन् जावयाची दाढी करतो. मोरपंखी रंग लावतो. लई जपून करावं लागतं. सगळ्यांना येत न्हाई."

विठ्ठलरावांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर आयुष्यात दाढीच्या इतिहासाविषयी कधी खोटे बोलले नव्हते. इजिप्त खरे होते, फ्रेंच माणूस खरा होता, महायुद्ध खरे होते, आणि त्यातले एकही वाक्य कुणी धड ऐकले नव्हते. आता परभणीचे दहाबारा लोक श्वास रोखून ते काय बोलतात याची वाट पाहत होते.

"आपल्या हातानंच करावी लागते," मास्तर म्हणाले. एवढे तर खरे होते.

"बघा की," परभणीच्या एका बाईने दुसरीला म्हटले, "आपल्याकडं नुसता टावेल-टोपी देतेत."

"किती एकसारखा लावलाय," दुसरी म्हणाली.

मास्तरांची मान आपोआप ताठ झाली. रुक्मिणीने देवाचे नाव घेतले. धनश्रीला आत नेले, गुरुजींनी पाट मांडले, फोटोवाल्याने दिवे लावले. संकट टळले असे सगळ्यांना वाटले. पण पाटावर बसायला गेले तर विठ्ठलराव नव्हते.

ते मागे, पाण्याच्या टाकीजवळ, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ फिरवून बसले होते.

"दादा, चला की," बळीराम म्हणाले.

"तुम्ही करा. आम्ही कोण?"

"असं काय बोलायलाव?"

विठ्ठलराव खुर्चीसकट वळले. "पोरगी बघायला नेलं न्हाई. म्हणलं, ऱ्हाऊ दे. अंगठी घ्यायला विचारलं न्हाई. म्हणलं, ऱ्हाऊ दे. पर मान करायचा तर धाकल्याचा केला. पोराचा केला. घरात थोरला कोण हाय? माझ्या तोंडाला काय काटे हायेत?"

बळीराम हिरव्या गालांनी मास्तरांकडे पाहत राहिले. मास्तरांनी एक क्षण विचार केला आणि हातातली पिशवी वर केली.

"दादा," ते म्हणाले, "तुमचा मान घरी कसा करणार? चार लोकांत करायचा म्हणून तर सामान इथवर आणलं."

वाडीच्या मागच्या खोलीत खुर्ची ठेवली. गुरुजी घाई करत होते, म्हणून मास्तरांनी नळाच्या गार पाण्यातच ब्रश भिजवला, झटपट फेस केला, नवे पाते घातले. "मिशीला हात लावायचा न्हाई," विठ्ठलरावांनी बजावले. मास्तरांनी मिशी सांभाळून दोन्ही गाल आणि हनुवटी उतरवली, तोंड पुसले, हात जोडले. विठ्ठलराव समाधानाने उठले आणि हॉलमध्ये जाऊन बसले.

फोटोवाल्याने सगळ्यांना एका ओळीत उभे केले. टिपलेला फोटो त्याने मोठ्या स्क्रीनवर दाखवला, आणि विठ्ठलराव पुन्हा उठले.

"हे काय?" त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवले. "बळ्या मोरावानी हाय. पोरगा मोरावानी हाय. अन् मी?"

ते खरे होते. गार पाण्यामुळे त्यांच्यावर रंग जेमतेम पुदिन्याएवढा चढला होता. ओळीत ते धुतलेल्या पानासारखे दिसत होते.

"आम्हाला फिका मान?" विठ्ठलराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि रुक्मिणीला ते जास्त भयंकर वाटले. परभणीच्या बायका कुजबुजल्या. गणेशच्या पाटाशेजारचा पाट रिकामा होता; धनश्री दारात ताट घेऊन उभी होती आणि डोळ्यांनी बापाला काहीतरी करा म्हणत होती.

मास्तर मात्र स्क्रीनकडे बघत होते. मुलीचा साखरपुडा, चिडलेला थोरला व्याही, उलटत चाललेला मुहूर्त, हे सगळे त्यांना दिसत होते. पण त्याहून त्यांना ती ओळ सहन होत नव्हती. तीन तोंडे एका रंगाची आणि चौथे वेगळ्याच रंगाचे. त्यांच्या हातचा माल असा कधी बाहेर पडला नव्हता.

"गुरुजी, थोडा वेळ द्या," ते म्हणाले, आणि वाडीच्या स्वयंपाकघराकडे वळून मिलमध्ये देतात त्या आवाजात ओरडले, "गरम पाणी! उकळतं! लिंबं द्या पाच-सहा! मीठ द्या!"

आचाऱ्याला वाटले सरबत करायचे आहे. त्याने साखरही पाठवली. ती मास्तरांनी परत केली.

सकाळपासून जो रंग उतरवण्यासाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता, तो आता ते मन लावून चढवू लागले. विठ्ठलरावांना पुन्हा खुर्चीत बसवून त्यांनी गरम फेस लावला आणि तो जागच्या जागी राहू दिला. त्यावर वाफाळता टॉवेल. मग लिंबाचा हात, मग मीठ, मग तुरटी, सावकाश, हनुवटीखालीसुद्धा, कानाच्या पाळीजवळसुद्धा, कुठे डाग नको आणि कुठे पट्टा नको. या वेळी ते इतिहासातले एक अक्षर बोलले नाहीत. खोलीच्या दारात परभणी, बारडोली आणि खान्देश एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"बळीरामदादा, या जरा," मास्तर म्हणाले.

त्यांनी दोघा भावांना खिडकीशी नेले. उजेड पांढरा, सरळ येत होता. "असं उभं राहा. जवळ. अजून जवळ. गालाला गाल."

दोन म्हातारे भाऊ खिडकीत गालाला गाल लावून उभे राहिले. असे ते लहानपणी कधी उभे राहिले असतील तर असतील, त्यानंतर नाही. बळीरामांना थोरल्याच्या अंगाचा तंबाखूचा वास आला. विठ्ठलराव समोर बघत होते, पण त्यांनी गाल बाजूला घेतला नाही.

मास्तरांनी डोळे बारीक केले. एक पाऊल मागे गेले. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. दोन्ही गालांत केसाएवढाही फरक नव्हता.

"जमलं," ते म्हणाले, आणि दारातल्या गर्दीतून आपोआप टाळ्या पडल्या. वर्षाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण शेजारच्या बाईला सांगितले, "आमच्या धनश्रीचे पप्पा. कलर मास्तर आहेत."

गुरुजींनी बाहेरून हाक मारली. सगळे वळले. विठ्ठलराव मात्र खोलीतल्या आरशासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी गालावरून हात फिरवला, फेटा सारखा केला, आणि मग हळूच बोटांनी पांढऱ्या मिशीचे टोक चाचपले.

"मास्तर," ते जरा दबक्या आवाजात म्हणाले, "हिला बी बसंल का?"

"मिशीला?" मास्तर चपापले. "बसेल तर असा बसेल दादा, की बघत राहाल. पण आमची तोंडं आठवडाभरात गोरी होतील. केसांतला रंग महिनोन्महिने हलत नाही. वाढून, कापून जाईल तेव्हाच."

विठ्ठलरावांनी अजून खिडकीशीच उभ्या असलेल्या, सफाचट, मिशी नसलेल्या धाकट्या भावाकडे एकवार पाहिले. मग ते परत खुर्चीत बसले आणि त्यांनी हनुवटी वर केली.

"लावा," ते म्हणाले. "थोरला हाय मी."